परत आल्यावर उतरायचं कुठं?

मी कागदाच्या गिरणीत काम करतो. पुणं आणि आसपासची रद्दी गासड्या बांधून आमच्याकडं येते. आम्ही ती फोडतो, निवडतो, पल्परमधी ढकलतो. तिचा लगदा होतो आणि लगद्याचा पुन्हा कागद. शाळा नववीत सुटली. पुढं जे काय वाचलं ते या रद्दीतलंच. सुपरवायझरची पाठ फिरली की एखादं पुस्तक शर्टाच्या आत. त्यामुळं दोस्तांनो, मी काही इतिहासकार नाही. कविता करतो, त्याही खाडाखोडीच्या. पण हा लेख इतिहासाचा आहे आणि तो लिहिण्याची पाळी माझ्यावर एका भांडणानं आणली. ते भांडण आधी सांगतो.

आमच्या येरवड्याच्या वस्तीतला एक पोरगा सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेला. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं समाजकल्याण खातं अनुसूचित जातीच्या पोरांना परदेशी पाठवतं, तीच ती शिष्यवृत्ती. माझ्याच वर्गातला. एका डब्यात खाल्लेलं. तो गेला तेव्हा वस्तीनं वर्गणी काढून त्याला बॅग घेऊन दिली. परत आला तेव्हा कमानीवर फ्लेक्स लागला, हलगी वाजली, बायांनी ओवाळलं. आणि पंधरा दिवसांत कळलं की हा नदीपलीकडं भाड्यानं खोली शोधतोय.

घर दहा बाय बाराचं. आई, बाप, थोरला भाऊ, वहिनी, तिची दोन लेकरं आणि हा. रात्री दोनला उठून बसायचा. कट्ट्यावर यायचा पण बोलायचा नाही. सार्वजनिक नळावरची भांडणं ऐकून कपाळाला आठ्या घालायचा. एकदा मी सरळ म्हटलं, "लेका, वर्षभर गोऱ्यात राहिलास आणि वस्तीचा वास यायला लागला का तुला? विसरलास?" तो म्हणाला, "हो. विसरलो होतो." एवढंच म्हणाला आणि उठून गेला. सगळ्या कट्ट्यानं त्याला शिव्या घातल्या. त्यात माझ्या दोन जास्तच होत्या.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं रद्दीच्या गासडीत बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणाचं मराठी भाषांतर हाती लागलं. कव्हर फाटलेलं, मागची पानं गेलेली. जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं आणि बडोद्याच्या प्रकरणापाशी आलो. तिथं बाबासाहेब स्वतःच सांगतात की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातनं पुसून गेली होती. डबा तसाच राहिला. मी ज्या शब्दाची शिवी केली होती, तो शब्द बाबासाहेबांनी स्वतःसाठी साधेपणानं लिहून ठेवला होता. विसरलो होतो.

मग मी परत आलेल्या माणसांचा इतिहास शोधायला लागलो. सुरुवात पुण्यापासनंच केली, कारण परदेशी शिकून आलेली माणसं हे या शहराचं जुनं कौतुक आहे.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत असतात. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या. जाण्याआधी श्रीरामपूरला भाषण केलं, त्यात हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं सांगितलं. हे त्यांना का सांगावं लागलं? समुद्र ओलांडला की जात जाते, असं शास्त्रीबुवा म्हणत होते म्हणून. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डावर नेमणूक ठरली होती. पण वर्षअखेरीस परत आल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत पोकीप्सीला नेऊन ठेवली, ज्या कारपेंटरबाईंनी त्यांना तिथं घर दिलं होतं त्यांच्या घराण्याच्या स्मशानात. या बाईचं मला वाईटच वाटतं, जात कुठली का असेना. परत येऊन एक दिवससुद्धा डॉक्टरकी करायला मिळाली नाही.

त्यांचे नवरे गोपाळराव हे भलतंच इरसाल प्रकरण. बायको गेल्यावर १८९० च्या ऑक्टोबरात त्यांनी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये बड्या बड्या मंडळींना जमवलं. रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं ठेवली. कुणी घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. मग गोपाळरावांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पेठांत हाहाकार. ख्रिस्त्याघरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, वादविवाद झडले. शेवटी रानड्यांसारख्या, पुढं हायकोर्टात बसलेल्या माणसानं १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं.

आता हे चहाचं प्रकरण आहे, परदेशाचं नाही, हे मला कळतं. पण दोहोंतली युक्ती एकच आहे म्हणून सांगितलं. चहा प्यायला काय किंवा समुद्र ओलांडला काय, ज्याची जात जाते त्याच्यासाठी ती परत मिळवायची वाटही शास्त्रात करून ठेवलेली आहे. पंचगव्य घ्या, दक्षिणा द्या, पंगतीत बसा. कुणी ते आनंदानं केलं, कुणी लाजत, कुणी ठामपणे नाही म्हटलं. पण वाट होती. घराचं दार लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती.

पंडिता रमाबाई मात्र इंग्लंडात ख्रिस्ती होऊन, अमेरिका फिरून १८८९ साली आल्या. त्यांनी प्रायश्चित्ताची वाटच सोडली, तेव्हा पुण्याच्या पत्रांनी त्यांच्या शारदा सदनाला फाडून खाल्लं. हे इथं नोंदवून पुढं जातो, कारण त्यावर एक अख्खा अंक काढावा लागेल.

आणि रँग्लर परांजपे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, कोकणातल्या मुरडीचे, धोंडो केशव कर्व्यांचे नातलग. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला नंबर. अख्ख्या देशात वाहवा झाली. परत येऊन पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची चाकरी करायची हे त्यांचं आधीपासनं ठरलेलं. आले, आणि १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पंचविशी नुकतीच उलटलेली. माणूस बुद्धिवादी होता, देवधर्माची थोतांडं मानत नव्हता. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मी फक्त एवढंच बघतोय की करार करून गेलेला हुशार माणूस परत आला, तर गावानं त्याला कसं उतरवून घेतलं. त्यांच्यासाठी खुर्ची तयार होती.

आता दुसरा करार बघा.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंडांची. अट अशी की शिकून आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. बाबासाहेबांनी सही केली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले होते. म्हणजे बापाचा अंत्यविधी करून पाच-सहा महिनेही झाले नव्हते आणि पोरगं न्यूयॉर्कला उतरलं. वय २२.

न्यूयॉर्कमध्ये काय झालं याची पुस्तकं भरपूर आहेत. १९१५ साली एम. ए., मग पुढचा प्रबंध, १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. आमची भाषणं या पदव्यांवर येऊन थांबतात. वक्ता एक-एक पदवी म्हणतो, आपण टाळी वाजवतो. मलाही वाजवायला आवडतं. पण पदव्यांच्या मधनं जगलेला एक माणूस होता. तो कोलंबियात कुणाच्याही शेजारी बसत होता, ग्रंथालयात हाताला येईल ते पुस्तक उचलत होता, खानावळीत सगळ्यांबरोबर जेवत होता. नवल भथेना नावाच्या पारशी मित्राबरोबर राहत होता. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा पोरगा हा. शिपाई नसेल त्या दिवशी त्याला पाणी नाही, कारण नळाला हात लावायचा नाही. त्याला चार वर्षं कुणी जात विचारली नाही. चार वर्षं रोज सकाळी उठून एकदाही ती गोष्ट आठवावी लागली नाही, तर काय होईल? विसरायलाच होईल.

१९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचं शिक्षण अर्ध्यात टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन पुरं करायची परवानगी तेवढी घेऊन ठेवली. पहिलं महायुद्ध चालू होतं. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. बाबासाहेब दुसऱ्या बोटीनं कोलंबोमार्गे ऑगस्टात मुंबईला पोचले. विम्याची की भरपाईची थोडी रक्कम आली, ती बडोद्याच्या प्रवासाला उपयोगी पडली. समुद्रानं जे परत केलं ते तिकिटापुरतं, असं माझ्या मनात येतं. (ही ओळ कवितेसाठी ठेवणार होतो.)

सप्टेंबरात बडोद्याला निघाले. स्टेशनाबाहेर आले आणि तिथं तो प्रश्न उभा राहिला. उतरायचं कुठं? गाडीत हा प्रश्न नव्हता, बोटीत नव्हता, न्यूयॉर्क-लंडनच्या धक्क्यावर नव्हता. परक्या मुलखात पहिल्या रात्री जो प्रश्न पडला नाही, तो आपल्या देशातल्या संस्थानाच्या स्टेशनावर, जिथं आपण बोलावलेले नोकर आहोत तिथं पडला. हिंदू खानावळी होत्या, पण जात लपवल्याशिवाय आत घेणार नव्हत्या. अमेरिकेला शिकून आलेले ओळखीचे लोक त्या गावात होते. पण त्यांच्या दारात आपण उभं राहिलो तर ते अवघडतील का, हे ठरवता येईना. हे वाक्य वाचताना मी थांबलो. परदेशात बरोबर असलेला मित्र इथं दारात कसा वागेल ते सांगता येत नाही. म्हंजे मित्रसुद्धा परत आल्यावर परत आलेला असतो, आपल्या जातीत.

शेवटी एक पारशी धर्मशाळा कळली. पारशी धर्मात शिवाशीव नाही म्हणून तिथं गेले. वरच्या मजल्यावर सामान चढवलं, कपडे बदलले. रखवालदार वही घेऊन आला आणि त्यानं बघितलं की अंगात सदरा आणि कस्ती नाही. तू कोण? हिंदू. मग इथं राहता येणार नाही. बाबासाहेबांनी पारशी नाव लावून राहू का असं विचारलं. बरेच दिवस कुणी मुशाफर फिरकला नव्हता, रखवालदाराला दिवसाला दीड रुपया मिळणार होता, तो तयार झाला. वहीत पारशी नाव पडलं.

इथं मला कुणी कार्यकर्ता म्हणेल की बाबासाहेबांची ही बाजू कशाला काढतोस. त्यांनी स्वतः काढलीय दोस्ता. तीसच्या दशकात, नाव झाल्यावर, बसून लिहून ठेवलीय. लपवली असती तर आपल्याला कळलीही नसती.

वरचा मजला म्हणजे एक छोटी झोपायची खोली, न्हाणी, आणि बाकी मोठा दिवाणखाना भंगारानं भरलेला. फळ्या, बाकडी, मोडक्या खुर्च्या. वीज नाही. संध्याकाळी रखवालदार एक बारका कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड वीतभर. वर वटवाघळं फिरायची. शेजारी बोलायला माणूस नाही. त्या अंधारात कोलंबियाचा पदवीधर पुस्तक डोळ्यांसमोर धरून बसायचा, आपण कुठं आहोत हे विसरायला. दिवसा नोकरी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, उमेदवार म्हणून. महाराजांच्या मनात त्यांना पुढं अर्थमंत्री करायचं होतं. कचेरीतले शिपाई मात्र फायली लांबनं टेबलावर फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. अर्थमंत्री व्हायला आलेल्या माणसाला पाणी नाही. महाराजाचा हुकूम वरनं निघतो आणि पाण्याच्या माठापाशी येऊन आटतो.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघायच्या वेळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. कोण तू, पारशी नाव कसं लावलंस, धर्मशाळा बाटवलीस. बाबासाहेब गप्प राहिले. खोटं सांगून राहिलो हे त्यांना माहीत होतं. तेच खोटं पुढं रेटलं असतं तर जीव गेला असता, असं ते म्हणतात. संध्याकाळपर्यंत खाली करायची मुदत मिळाली. सरकारी बंगला मिळेल का म्हणून दिवाणापर्यंत खटपट झाली होती, काम झालं नव्हतं. एका हिंदू मित्राकडं गेले. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. मग एका ख्रिस्ती मित्राकडं. तो म्हणाला, उद्या बायको येणार आहे, तिला विचारावं लागेल. मूळचं ब्राह्मण कुटुंब, धर्म बदललेला पण सोवळं शिल्लक. मुंबईची गाडी रात्री. तोपर्यंतचा वेळ कामाठी बागेत काढला. ती बाग आता सयाजीबाग म्हणतात आणि तिथं आपली माणसं आठवण म्हणून जातात.

परांजप्यांचा करार आणि हा करार शेजारी ठेवून बघा. दोघं हुशारीवर गेलेले, दोघं चाकरीच्या बांधिलकीनं परतलेले. एकाला कॉलेज मिळालं. दुसऱ्याला खोली मिळाली नाही. आणि याच्यासाठी प्रायश्चित्त नव्हतं. पंचगव्य पिऊन परत जायचं तर कुठल्या पंगतीत? समुद्र ओलांडण्याचा दोष त्याला लागलाच नव्हता, कारण दोष आधीच जन्माला चिकटवलेला. ब्राह्मणाला परदेशानं बाटवलं असं म्हणायचे. आमच्या माणसाला परदेशानं चार वर्षं शुद्ध ठेवलं आणि स्टेशनाबाहेर पडताच देशानं बाटवलं.

पुढची पाच-सहा वर्षं मी भराभर सांगतो. मुंबईत शिकवण्या केल्या. शेअर बाजाराच्या लोकांना सल्ला द्यायचं काम काढलं, जात कळल्यावर गिऱ्हाईक तुटलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथंही प्राध्यापकांच्या माठातलं पाणी यांनी प्यावं की नाही यावर काहींनी हरकत घेतली. पोरं मात्र व्याख्यानाला गर्दी करायची. पगारातनं पैसे साठवून, भथेनांकडनं कर्ज काढून, शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० साली पुन्हा लंडन. ही गोष्ट लक्षात ठेवा. जिथं अपमान नाही तिथं पळून जाऊन राहिले असं नव्हे. अर्धं टाकलेलं पुरं केलं आणि १९२३ च्या एप्रिलात परत आले. बॅरिस्टर झाले होते. रुपयावरच्या प्रबंधात परीक्षकांनी बदल सांगितले होते, ते मुंबईत बसून केले आणि पाठवले.

आणि उतरले कुठं? या खेपेला प्रश्न पडला नाही. परळच्या बी. आय. टी. चाळीत. दोन खोल्या, भोवती गिरणी कामगार. पहाटे भोंगा, नळावर रांग, रात्री भजन नाहीतर भांडण. डी. एस्सी. चा प्रबंध आणि नळावरची बादली एका मजल्यावर. वकिलीची सनद घ्यायला फीचे पैसे नव्हते, ते पुन्हा भथेनांनी दिले. सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टराला काम देत नव्हते. बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत कायदा शिकवून घर चालवावं लागलं.

माझा पणजा मुंबईच्या एका गिरणीत होता. साच्याच्या खात्यात त्याला घेतलं नाही. कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि महाराची थुंकी लागलेला धोटा दुसरा कामगार तोंडाला लावणार नव्हता. चांगली मजुरी त्या खात्यात, आम्ही तिथं नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. तो त्यांना कुणी अहवालात लिहून दिला नव्हता. शेजारच्या खोलीतला माणूस संध्याकाळी येऊन सांगत असणार. कोलंबियाचं अर्थशास्त्र तिथं चाळीत धोट्याला भिडलं.

आता पुणेकरांनी ऐकावं असं एक. १९२५ साली दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' नावाची पुस्तिका लिहिली, टिळक-चिपळूणकरांवर जहाल हल्ला करणारी. पुण्यात फिर्याद झाली. जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या साथीदारांना शिक्षा झाली. अपील चालवायला कोण आलं? परळच्या चाळीतला बॅरिस्टर. १९२६ साली पुण्याच्या कोर्टात ब्राह्मणेतरांची बाजू मांडून त्यानं सगळ्यांना सोडवलं. ज्या शहरात चहाच्या कपावरनं प्रायश्चित्तं झाली त्याच शहरात. जेधे मॅन्शनपुढनं जाताना मला हे आठवतं. आमच्या येरवड्याला पुणे करारामुळं सगळे ओळखतात, २४ सप्टेंबर १९३२, जेलची ती भिंत आमच्या वस्तीतनं दिसते. पण १९२६ च्या कोर्टाची गोष्ट आमच्यातसुद्धा कमी पोरांना माहीत आहे.

आणि बडोद्यानंतर दहा वर्षांनी, २० मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याचं पाणी.

मला जे कळलं ते असं. आम्ही म्हणतो, परदेशी गेलेला विसरतो, म्हणून तो कामातनं गेला. मी उलटं बघायला लागलोय. जो कधीच बाहेर गेला नाही त्याला हे सगळं हवेसारखं वाटतं. नळाची रांग, मालकाचं "आडनाव काय?", कपबशी वेगळी ठेवलेली. चीड येते, पण सवयही होते. माझं बघा. गिरणीत पाण्याच्या पिंपावरचा ग्लास कुणी माझ्यानंतर विसळून घेतला तर मी बघून न बघितल्यासारखं करतो. दहातल्या नऊ वेळा. जो चार वर्षं विसरून आला त्याला मात्र ते फायलीच्या फेकण्यात, माठाच्या झाकणात पुन्हा नव्यानं दिसतं, लख्ख. हे असंच असायला पाहिजे असं काही नाही, याचा पुरावा तो स्वतःच्या अंगावर घेऊन आलेला असतो. बडोद्याच्या बागेत बसलेल्या माणसाला हे विसरता येतं हे ठाऊक होतं. न विसरलेल्या माणसानं तो दिवस नशीब म्हणून गिळला असता.

बरोबरी करत नाही. आमचा पोरगा म्हणजे बाबासाहेब नव्हेत, आणि इंग्लंडही आता धुतल्या तांदळासारखं राहिलेलं नाही. तिथं गेलेल्या आपल्या माणसांना तिथल्या आपल्याच देशवाल्यांकडनं जात चिकटते, हे तोच सांगतो. कोलंबियाच्या वर्गात गोऱ्यांच्या देशात काळ्यांची काय दशा होती, हेही १९१३ साली होतंच. शिवाय परत न आलेलेही असतात, आणि परत येऊन खरंच आपल्याला ओळख न देणारे असतात. त्यांचा कैवार मी घेत नाही.

पण मी त्या पोराकडं ते फाटकं पुस्तक घेऊन गेलो. रात्री, कट्ट्यावर कुणी नसताना. आधी माफी मागायला पाहिजे होती, ते जमलं नाही, नुसतं पुस्तक पुढं केलं. मोबाइलच्या उजेडात त्यानं बडोद्याचं प्रकरण वाचलं. पारशी नावाच्या जागी आला आणि थांबला. बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, "तेराव्या ठिकाणी मी पण आडनाव दुसरं सांगितलं." फोनवर. मालकीणबाई गोड बोलल्या, या म्हणाल्या, आधारकार्ड घेऊन या म्हणाल्या. तो गेलाच नाही. हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच, कारण तिनंच शाळेच्या दाखल्यावर ते आडनाव उभं राहून लिहून घेतलं होतं.

"खोली कशाला पाहिजे तुला?" मी विचारलं. हे मी आधीच विचारायला पाहिजे होतं.

म्हणाला, "मुलाखती कॉम्प्युटरवर असतात. मागनं वहिनीची लेकरं रडतात. आणि झोप नाही झाली तर इंग्रजी सुचत नाही रे. दुसरं काय?"

पुस्तक त्यानं ठेवून घेतलं. मागची पानं कुठं आहेत म्हणून विचारलं. मी म्हटलं, पल्परमधी गेली असतील, बघतो दुसऱ्या गासडीत. सतरावी खोली रविवारी बघायची आहे, स्वारगेटच्या बाजूला. मी दुसरी पाळी बदलून घेतलीय. दोघं जाणार, आडनाव खरं सांगणार.